बुलेट आणि मिस्त्रीची बोटे

बोरी बुद्रुकला कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेलगत अश्मयुगीन हत्यारे सापडली. ती घडविणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. बुलेट मोटारसायकलीच्या इतिहासातही कंपन्यांची नावे आहेत, हातांची नाहीत.

१९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली. १९५७ साली सुटे भाग घडविण्याची साधनेही तिने विलायतेहून घेतली. १९७० साली विलायतेतील मूळ उत्पादन बंद पडले. १९७७ पासून मद्रासची बुलेट तिकडे जाऊ लागली. मालक बुडाला, विद्या तरली. कारण ती कामगाराने उचलली होती.

तीच विद्या आपल्या गावोगावच्या गॅरेजांत आहे. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. एवढे सांभाळले, तेल वेळेवर बदलले, की जुनी गाडी रोज कामावर नेते. नव्या गाडीत पॉइंट नाहीत. म्हणून हे शिकायला पोरे येत नाहीत. या मिस्त्रीला ना प्रमाणपत्र, ना निवृत्तिवेतन. त्याच्याकडून ही विद्या लिहून घ्या, आणि त्याखाली त्याचे नाव घाला. दगडी हत्यारांच्या बाबतीत ते राहून गेले आहे.