उभ्या रेघेची कुळकथा

जुन्या मोडी जमाखर्चात सव्वा लिहिताना एकापुढे उभी रेघ ओढत: १।. दीडला दोन रेघा, १॥. पावणेदोनला तीन, १॥।. चौथी रेघ कधी येत नसे, कारण चार पाव झाले की पुढचा पूर्ण अंकच लिहायचा. रुपयाचे चार पाव, पावाचे चार आणे, आण्याचे चार पैसे. सारा हिशेब ४, १६ आणि ६४ भागांत बसे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंश वर आणि छेद खाली असतो. पेढीवर मात्र छेद लिहावाच लागत नसे, तो रेघेतच असे. पंतोजींच्या शाळेतली मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकत ती याच हिशेबासाठी.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावलीचे नेमके २५ आले, आणा मात्र सव्वासहावर अडला. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ पैसे धरले. पिकाचा अंदाज सांगणारी आणेवारीही पुढे पैसेवारी झाली. पन्नास पैसे पैसेवारी म्हणजे निम्मं पीक, ५० टक्के. शेतकऱ्याला शेकडेवारी अशी रुपयातूनही कळते.

रेघेला एक मर्यादा होती. तिच्यात तिसरा किंवा सातवा हिस्सा मावत नाही. तिथे वाटणीचं चित्र लागतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमणियम आणि श्वेता नाईक यांनी अपूर्णांक शिकवताना वाटणी आणि मोजणी या दोन अर्थांची सांगड घातली. तीन पोळ्या चार मुलांत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला ३/४ मिळते. तेच ३/४ म्हणजे पाव-पाव पोळीचे तीन तुकडे. दुसरा अर्थ तर आपल्या तीन रेघांचाच आहे.

आजही मूल पावशेर, अर्धा, पाऊण तास, सव्वा रुपया हे शब्द घेऊनच शाळेत येतं. शंभर चौकटींच्या कागदावर त्याला पाव भाग रंगवू द्यावा. २५ चौकटी भरतील. १/४, ०.२५ आणि २५ टक्के ही एकाच भागाची तीन नावं आहेत, हे ते स्वतः मोजून सांगेल. दशांश शिकवायची सुरुवात पावापासून व्हायला हवी.