तळटीप ३ : गुडघ्याच्या लिगामेंटची पुनर्रचना

३. डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात खेळायला मनाई केली, त्यामागचे कारण शस्त्रक्रियेतच आहे. एसीएल हे लिगामेंट गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरके बांधते आणि नडगीला पुढे सरकू देत नाही. ते तुटले की टोकांभोवती रक्ताची गुठळी टिकत नाही. त्यामुळे नुसत्या टाक्यांनी ते सहसा सांधत नाही. ब्रिस्टलचे सर्जन हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी वापरून नवा बंध केल्याचे नोंदवले. आता हे काम दुर्बिणीतून होते. बहुधा रुग्णाच्याच मांडीमागचे दोन स्नायुरज्जू काढून, दुमडून चारपदरी करतात आणि दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. वरचे टोक हाडाबाहेर आडव्या बसणाऱ्या इवल्याशा बटणाने अडकवतात, खालचे स्क्रूने.

खरी कसोटी बोगद्याच्या जागेची. पूर्वी वरचा बोगदा नडगीतल्या बोगद्यातूनच पाडत. तो अनेकदा फार उभा पडे आणि वळताना गुडघा निसटे. म्हणून अनेक सर्जन आता आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, गुडघा सुमारे १२० अंशांत दुमडून ड्रिल चालवतात.

बसवलेला रज्जू पहिल्या काही महिन्यांत आधी दुबळा होतो आणि रक्तवाहिन्या शिरल्यावर हळूहळू बळकट होतो. म्हणून चालणे लवकर जमले, तरी मैदानात उतरायला साधारण नऊ महिने थांबवतात. – संपा.