परतीचा हिशेब

समुद्राच्या पोटात उतरण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. मोत्यांसाठी, बुडालेल्या जहाजांतल्या मालासाठी आणि कित्येकदा निव्वळ कुतूहलापोटी तो श्वास कोंडून पाण्याखाली जात आला. पण श्वास कोंडायचा तरी किती वेळ? ही अडचण १९४३ साली फ्रान्समध्ये दूर झाली. झाक कूस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्याँ हा इंजिनिअर, या दोघांनी मिळून एक झडप तयार केली. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी आणि तोंडाशी ही झडप. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती देते. आणि तीही मागितली तेव्हा, मागितली तेवढीच. आज आपण जिला स्कूबा म्हणतो ती विद्या या झडपेतून जन्मली. आता मालवण-तारकर्लीला गेलेला एखादा कारकूनही थोडी शिकवणी घेऊन, प्रशिक्षकाचा हात धरून माशांच्या घरी जाऊन येतो आणि वर आल्यावर वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतो.

या हौशी बुडीची शेवटची मर्यादा साधारणपणे ४० मीटर मानतात. तिच्या मागे एक साधे तत्त्व आहे : काहीही बिघडले तरी सरळ, सावकाश वर येता आले पाहिजे. डोक्यावर पाणी असावे. छप्पर असू नये. पण ४० मीटरवर समाधान मानील तो माणूस कसला? कुणाला खोल बुडालेले जहाज पाहायचे असते, तर कुणाला पाण्याने भरलेल्या गुहेत शिरायचे असते. अशा बुडीला १९९१ च्या सुमारास मायकेल मेंडुनो या अमेरिकन संपादकाने आपल्या मासिकातून ‘टेक्निकल डायव्हिंग’ हे नाव रूढ केले. हौशी बुडीतून या बुडीकडे जाताना जी तयारी करावी लागते ती पाहिली, म्हणजे बाहेरच्याला हसू येते. जाण्याची तयारी थोडी, आणि परत येण्याचीच फार! असे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

या इतिहासाची सुरुवात एका सापापासून होते. १६७० साली रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने एक विषारी साप हवा काढून घेण्याच्या यंत्रात ठेवला होता, त्याचे वर्णन त्याने प्रसिद्ध केले. दाब कमी होताच सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा हलताना त्याला दिसला. त्या बुडबुड्याचे महत्त्व कळायला पुढे दोनशे वर्षे जावी लागली.

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी प्रचंड लाकडी पेट्या पालथ्या घातल्या होत्या. पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबलेली हवा सोडीत आणि त्या हवेत मजूर खोदकाम करीत. काम संपवून मजूर वर येत, आणि थोड्याच वेळात त्यांचे सांधे असे काही ठणकू लागत की माणूस कमरेत वाकून जाई. काही दगावलेही. पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याने ऑफिसात बसून काम पाहिले नाही. तोही मजुरांबरोबर खाली उतरत असे. १८७२ साली त्यालाच या विकाराने गाठले आणि तो कायमचा खचला. पुढची कित्येक वर्षे तो घराच्या खिडकीतून दुर्बिणीने आपला पूल पाही, आणि त्याची बायको एमिली गणित व बांधकामशास्त्र शिकून त्याच्या सूचना कामावर पोचवी. १८८३ साली पूल खुला झाला.

दरम्यान, १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने रोगाचे मूळ सांगितले. आपल्या हवेत जवळजवळ चार पंचमांश नत्रवायू आहे. एरवी तो आत जातो आणि बाहेर येतो. तो ना आपल्या कामाचा ना त्रासाचा. पण दर १० मीटर खोलीला एकेका वातावरणाइतका दाब वाढत जातो, आणि त्या दाबाखाली हा वायू रक्तात व मांसात मुरतो. माणूस घाईने वर आला की सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसे होते. मुरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अंगभर फसफसतो. सापाच्या डोळ्यातला तो बुडबुडा पुन्हा भेटला तो असा.

यावर उपाय काढला जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने, आणि त्याला मदत केली बकऱ्यांनी. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एका पोलादी कोठडीत बकऱ्या ठेवून तो दाब वाढवी, मग कमी करी. बकरीने पुढचा पाय उचलून धरला की समजायचे, सांधा ठणकतो आहे. दोन सहकाऱ्यांसह १९०८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले : दाब निम्म्यावर येईपर्यंत लवकर वर यावे; पुढे मात्र ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटे थांबत थांबत यावे. पाण्याखालचा वेळ ही जणू सावकाराकडची उचल झाली. जितके खोल आणि जितका वेळ जाल तितकी रक्कम चढते, आणि ती वर येताना हप्त्यांनीच फेडावी लागते. एकही हप्ता चुकवून चालत नाही. खोल बुडीत डोक्यावर जे छप्पर येते ते हे. डोळ्यांना दिसत नाही, पण गुहेच्या दगडाइतकेच पक्के असते.

नत्रवायूचा दुसरा गुण याहून कपटी. खोलीवर तो दारूसारखा चढतो. १९४७ साली कूस्तोचा सहकारी मोरिस फार्ग दोराला धरून विक्रमासाठी खाली गेला. दोराला ठिकठिकाणी पाट्या बांधल्या होत्या आणि पोचेल त्या पाटीवर त्याने सही करायची होती. वरच्यांनी दोर ओढला तेव्हा फार्गच्या तोंडातली नळी सुटलेली होती. तो वाचला नाही. सही मात्र सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर सापडली. नत्राऐवजी हीलियम वापरला तर ही धुंदी टळते. अमेरिकन नौदलाने १९३९ साली बुडालेली ‘स्क्वॉलस’ ही पाणबुडी वर काढताना आपल्या पाणबुड्यांना हीलियम मिसळलेला वायू दिला होता. मग निव्वळ प्राणवायूच का घेऊ नये? तर सहा मीटरच्या खाली तोही विषासारखा भिनू लागतो, आणि पाण्यातच आचके येतात. म्हणून आजचा पाणबुड्या तीन-चार टाक्यांत वेगवेगळी मिश्रणे नेतो. प्रत्येक टाकी स्वतः तपासतो, आणि ती किती खोलीपर्यंत चालेल तो आकडा तिच्यावर ठळक लिहितो. चुकीची नळी तोंडात गेली तर पाण्याखाली क्षमा नाही.

शास्त्र एवढे पुढे गेले तरी माणसे मरतच होती. फ्लॉरिडातल्या झऱ्यांच्या गुहांत तर एकामागून एक तरुण बुडत होते. तेव्हा शेक एक्सली या माणसाने एक काम केले, आणि आम्हा शिक्षकी पेशातल्या मंडळींना त्याचा अभिमान वाटावा, कारण तो हायस्कुलात गणित शिकवीत असे. झालेल्या अपघातांचे कागद जमवून, मास्तर चुकलेली गणिते तपासतो तसा, तो प्रत्येक मृत्यू तपासीत बसला. १९७९ साली त्याचे छोटेसे पुस्तक निघाले. चुका पुन्हा पुन्हा त्याच होत्या. गुहेच्या तोंडापासून सलग दोर नेला नाही. परतीसाठी पुरेशी हवा राखली नाही. झेपेल त्यापेक्षा खोल गेले.

हवेचा नियम तर तिसरीतल्या मुलालाही कळेल असा आहे. टाकीत २१० एकक हवा असेल, तर ७० संपली की मागे फिरायचे. परतीला ७० लागणार. उरलेली ७० कुणासाठी? सोबत्यासाठी. अगदी टोकाला असताना त्याची टाकी निकामी झाली, तर एकाच्या उरलेल्या १४० मध्ये दोघे बाहेर येतात. आपल्या हवेतला तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या नावे बाजूला काढल्याशिवाय जिथे पाऊल टाकायचे नाही, अशी विद्या मला तरी दुसरी ठाऊक नाही.

म्हणून या मार्गाला लागणारा विद्यार्थी आधी खोल जातच नाही. उथळ पाण्यात तो महिनोन् महिने तेच तेच करतो. हात न हलवता एकाच खोलीवर तरंगत राहायचे, कारण हप्ते फेडताना तेच करावे लागते. पाठीमागे हात नेऊन जोडटाकीच्या चाव्या न पाहता बंद करायच्या. डोळ्यांवर झाकण घालून नुसत्या स्पर्शाने दोराच्या मागाने यायचे. हवा संपलेल्या सोबत्याला आपली नळी द्यायची. हौशी बुडीत संकट आले की वर यायचे. येथे संकट आले की तिथेच थांबून ते सोडवायचे. सारा फरक एवढाच, आणि त्यासाठीच सारा अभ्यास.

आणि अभ्यास पुरा असूनही हिशेब चुकतो. १९९२ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीजवळ सुमारे ७० मीटरवर पडलेल्या एका जर्मन पाणबुडीत ख्रिस राउस आणि त्याचा मुलगा ख्रिसी हे बापलेक शिरले. दोघेही गुहांत मुरलेले. त्या दिवशी मात्र महागडा हीलियम न घेता ते साध्या हवेवर गेले. आत मुलगा अडकला, बापाने त्याला सोडवले, पण तोपर्यंत वेळ गेली होती. हप्ते न फेडताच दोघे वर आले आणि दोघेही गेले. मुलगा २२ वर्षांचा होता, बाप ३९ चा.

खुद्द एक्सलीलाही खोलीने सोडले नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या अथांग डोहात तो आणि जिम बाउडन वेगवेगळ्या दोरांनी उतरले. सुमारे २८० मीटरवर बाउडनने पाहिले, वायू अपेक्षेपेक्षा कमी उरला आहे. तळ राहिला तर राहो, म्हणून तो फिरला आणि वाचला. एक्सली परतला नाही. काही दिवसांनी दोर ओढला तेव्हा त्याचा देह दोराबरोबर वर आला.

अभिमन्यूला आत जाण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर येण्याची नव्हती. त्यात त्या पोराचा दोष नव्हता. ती त्याला कुणी शिकवलीच नव्हती. एक्सलीने मात्र ती लिहून ठेवली आहे आणि आज जगभर ती शिकवली जाते. तिच्यातला एक नियम आम्हा घरबशांनाही कळण्याजोगा आहे. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे शाबासकी नव्हे. त्याचा अर्थ ‘आता परत फिरायचे’ असा. हा अंगठा चमूतल्या कुणीही, केव्हाही दाखवावा, अगदी नवख्यानेही. तो दिसला की सर्वांनी फिरायचे. आणि वर नावेत आल्यावरही ‘का फिरलास?’ म्हणून त्याला कुणी टोचायचे नाही.