मल्लखांब वेगळा निघाला, तो उज्जयिनीत

रग्बी या इंग्रजी खेळात नाव कमावलेले जवान तो खेळ सोडून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर उतरू लागले आहेत, ही गोष्ट ज्यांची मुलेनातवंडे परदेशी आहेत अशा आमच्या वाचकांच्या कानांवर आली असेल. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात वाढलेला, सामोअन कुळाचा धिप्पाड गडी रग्बी लीग खेळत असे. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नव्हता, तरी २०१८ साली फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला उचलले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्या संघाने अजिंक्यपद मिळविले तेव्हा तो त्यांच्या फळीतील खंदा खेळाडू होता. उलट वेल्सचा लुई रीस-झॅमिट हा २०२४ च्या जानेवारीत, ऐन हंगामाच्या तोंडावर, आपल्या राष्ट्रीय संघाचा निरोप घेऊन अमेरिकेस गेला, दोन संघांच्या दारी राहिला आणि २०२५ साली पुन्हा रग्बीत परतला. एकाला नवे घर मानवले, दुसऱ्याला मानवले नाही.

या खेळांतराचे नवल करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, हे दोन खेळ एकमेकांस परके नाहीत. १८७४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळावयास आला, तेव्हा अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी रग्बीची गोडी प्रथम चाखली. पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप याने १८८० साली त्या धुमश्चक्रीच्या जागी दोन फळ्या समोरासमोर उभ्या करण्याचा नियम आणला. १८८२ साली ठराविक डावांत ठराविक अंतर कापण्याची अट आली. आणि १९०६ साली चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकणे हा गुन्हा आहे. तोच गुन्हा लेकाने आपला अलंकार केला! तेथून तो आईच्या घरी राहणे शक्यच नव्हते.

असाच एक लेक आपल्याकडेही वाढला. त्याची आई कुस्ती, त्याचे नाव मल्लखांब. आणि तो आपला स्वतंत्र संसार थाटून बसला ती जागा म्हणजे महाकाळाची नगरी उज्जयिनी. या घटनेस अजून अर्धशतकही झालेले नाही, म्हणून तिला इतिहास म्हणावे की नाही असा संकोच कोणास वाटेल. आम्हांस तसा वाटत नाही.

नावातच कूळ सांगितलेले आहे : मल्लाचा तो मल्लखांब. सागाचा वा शिसवीचा, तळाशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला हा खांब जमिनीत पुरतात व त्याला एरंडेल चोळतात. त्याच्या भागांची नावे पाहावीत. तळापासून वरपर्यंतचा मोठा भाग ते ‘अंग’, त्यावरचा बारीक भाग ती ‘मान’, आणि शेंड्याची गाठ ते ‘बोंड’. खांब हा उभा माणूसच आहे; पैलवानाचा जोडीदार. तो थकत नाही, रागावत नाही, मध्यरात्री उठविले तरी कुरकुरत नाही. घामाने आणि तेलाने माखलेल्या प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून धरून ठेवण्यास मांड्यांत व बगलेत जी पकड लागते ती या तेलकट लाकडावर कमवावी, एवढाच मूळ हेतू. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी ही मल्लखांबाची उडी-पकड पाहताना जाणत्या वस्तादाला त्यांत कुस्तीचे डाव दिसल्यावाचून राहत नाहीत. आमच्या कोकण-गोमंतकातील वाचकांस प्रथमदर्शनी माडावर सरसर चढणारा पाडेली आठवेल. परंतु पाडेल्याला वर नारळ असतो. मल्लखांबाच्या बोंडावर काहीही नाही. तेथे जाऊन उलटे व्हावयाचे आणि खाली यावयाचे.

या व्यायामाची पाळेमुळे जुनी आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे, व मल्लांनी करावयाच्या श्रमांत स्तंभावरच्या श्रमाचाही समावेश आहे. त्यानंतर कित्येक शतके हा व्यायाम कोठे टिकला व कोठे लोपला हे सांगणारा धागा फार बारीक आहे. तो पुन्हा ठळक होतो उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपाशी. अली आणि गुलाब नावाचे दोन निजामाकडील पैलवान पुण्यास आले व त्यांनी दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी ते उचलले, मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासना केली, आणि तेथे साक्षात मारुतीने लाकडी खांबावरच्या पकडी त्यांस दाखविल्या, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी अलीस चीत केले. दृष्टांताची गोष्ट श्रद्धेने ऐकावी. तिच्यातील एक बारकावा मात्र इतिहासाच्या कामाचा आहे. बाळंभट खांबावर चढले ते कुस्ती जिंकण्यासाठी. खांब हे साधन होते, आखाडा हे साध्य होते.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्या परिवाराबरोबर ही विद्याही गंगातीरी गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि बालपणीची मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनी तेथे मल्लखांबाचे धडे गिरविले असे सांगतात. एकंदरीत जेथे जेथे मराठी माणसाने घरे बांधली तेथे तेथे घराच्या मागेपुढे केव्हातरी एक खांब पुरला गेला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. काशी, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही ठिकाणे त्याला साक्ष आहेत.

उज्जयिनी या मालिकेत येते ती शिंदेशाहीमुळे. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे कोकणातील शेणवी कुळातले. सुलतान इल्तुतमिशाने १२३४-३५ च्या सुमारास उद्ध्वस्त केलेले महाकाळाचे देऊळ याच कारभाऱ्याने पुन्हा उभे केले. क्षिप्रेच्या काठी आज शिखर दिसते त्यामागे आपल्या किनाऱ्यावरील एका माणसाची बुद्धी व द्रव्य आहे, याचे स्मरण आमच्या वाचकांस सुखावणारे वाटेल. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली. दरबार गेला, पण मराठी वाडे, घाट, देवळे आणि आखाडे मागे राहिले. आखाड्यात मारुती आणि मारुतीपुढे माती, ही मांडणी माळव्याच्या हिंदी बोलणाऱ्या पैलवानांस नवी नव्हतीच. त्यामुळे मराठ्यांचा खांब तेथे उपरा ठरला नाही. शिवाय ज्या गावी श्रीकृष्ण-बलराम सांदीपनींपाशी शिकले, त्या गावाला व्यायामाचे वावडे असेल कसे? भागवतातील क्रम मोठा मौजेचा आहे : आधी मथुरेच्या रंगभूमीवर चाणूर-मुष्टिकांचा समाचार, आणि मग अवंतीची पाठशाळा.

विसाव्या शतकात खांबाचे आईशी नाते हळूहळू सैल झाले. शाळा निघाल्या, व्यायाममंदिरे निघाली. दादरला १९२५ साली स्थापन झालेले श्रीसमर्थ व्यायाम मंदिर घ्या, अथवा अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. येथे येणारा मुलगा पैलवान होण्यासाठी येत नसे. त्याच्या घरच्यांना त्याची छाती रुंद व्हावी, पाठ ताठ व्हावी एवढे हवे होते. कुस्तीची खुराक पेलणे ज्या मध्यम स्थितीतील घरांना अशक्य, त्यांना खांब परवडत होता. दूधबदामांऐवजी एरंडेलावर तो संतुष्ट असे. शिवाय कुस्तीत एक जिंकतो तेव्हा दुसऱ्याला पाठ लावावीच लागते. खांबावर कोणीच पडत नाही, म्हणजे पडले तर आपले आपणच. अमरावतीच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखविले, ते पाहणाऱ्या परक्यांना कुस्तीशी असलेले मल्लखांबाचे नाते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी लाकडावर तरंगणारे शरीर पाहिले आणि टाळ्या दिल्या. साधनच आता पाहण्याजोगे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर या पोराला आसरा दिला तो जिम्नॅस्टिक्सने. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबाची स्पर्धा प्रथम झाली, आणि १९६२ साली ग्वाल्हेरीस राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी पंधराएक राज्ये उतरली. परंतु हे घर दुसऱ्याचे होते. जिम्नॅस्टिक्सची दृष्टी ऑलिंपिककडे लागलेली. तेथे डबल बार आणि रिंग्ज यांना किंमत, एरंडेलाच्या वासाच्या खांबाला नाही. १९७६ पर्यंत कसेबसे निभावले. त्यापुढच्या हंगामापासून महासंघाने आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून मल्लखांब काढून टाकला.

येथे आमच्या मते या खेळाचे प्राण कंठाशी आले होते. कुस्तीवाल्यांना त्याची पूर्वीइतकी गरज उरली नव्हती. जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी दार लावले होते. खांब पुरलेले राहिले असते, मुले संध्याकाळी चढली असती, गणेशोत्सवात प्रात्यक्षिके झाली असती, आणि तीसचाळीस वर्षांनी कोणा संशोधकाने त्यावर निबंध लिहिला असता. तसे झाले नाही, याचे श्रेय उज्जयिनीच्या मूठभर गुरुजनांस जाते. डॉ. बमशंकर जोशी यांच्या पुढाकाराने त्यांनी १९८० साली सर्व राज्यांना निमंत्रणे धाडून अखिल भारतीय स्पर्धा भरविली. आठ राज्ये आली. त्याच वर्षी निरनिराळ्या राज्यांचे प्रतिनिधी उज्जयिनीत पुन्हा जमले व स्वतंत्र महासंघ काढावा असे ठरले. १९८१ च्या जानेवारीत नियमांची चौकट सिद्ध होऊन भारतीय मल्लखांब महासंघाचे काम सुरू झाले. यांत एकही राजा नव्हता, एकही धनाढ्य नव्हता. वॉल्टर कँपने येलमध्ये जे केले तेच क्षिप्रेच्या काठी या मंडळींनी केले. लेकाच्या हाती स्वतःचा कायदा दिला.

नियम ही रुक्ष वस्तू आहे असे पुष्कळांस वाटते. पण नियमांवाचून मल्लखांब ही कसरत होती, आणि नियमांनी ती स्पर्धा झाली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन प्रकार ठरले, कोणत्या उडीला किती गुण ते ठरले, एका गावचा पंच दुसऱ्या गावच्या मुलाला न्याय देऊ लागला. दोरीच्या प्रकाराचीही एक कथा आहे. पूर्वी तेथे वेत लोंबकळत असे. चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा सुताच्या दोरीने त्याची जागा घेतली, आणि त्या दोरीवर मुली चढल्या. कुस्तीच्या आखाड्याने मुलींना पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवले होते. लेकाच्या घरात त्यांना आरंभापासून जागा मिळाली. २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मुंबईच्या हिमानी परब या मुलीला मिळाला, ही घटना आम्ही म्हणूनच महत्त्वाची मानतो.

पुढचा वृत्तांत थोडक्यात. २०१३ साली मध्यप्रदेशाने मल्लखांबास राज्याचा खेळ ठरविले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० साली उज्जयिनीचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. २०२२ साली गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत या खेळाचा प्रथमच प्रवेश झाला, आणि २०२३ च्या आरंभी मध्यप्रदेशात भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील मल्लखांबाचे सामने उज्जयिनीतच झाले.

आता पुन्हा एकदा अमेरिकन फुटबॉलकडे पाहू. २०१२ साली भारतातही त्याची व्यावसायिक स्पर्धा मांडण्यात आली. पुण्याच्या संघास ‘पुणे मराठाज’ असे भारदस्त नाव दिले गेले आणि रग्बीसारख्या खेळांतील गड्यांना त्यासाठी गोळा केले गेले. नाव मराठ्यांचे असूनही तो खेळ घरोघरी पोचला नाही. त्याची आई येथे कधी नांदलीच नव्हती. रग्बी कलकत्त्यास आली ती साहेबांबरोबर; तेथील क्लब मोडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक सुबक चषक घडविला व इंग्लंडला धाडून दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात. आमच्याकडे त्यातले काय राहिले? ज्या खेळाची आई गावच्या मातीत राबलेली असते त्याचेच रूपांतर त्या मातीत रुजते, असा आमचा तर्क आहे. मल्लखांबाचे मोल उज्जयिनीत कोणास समजावून सांगावे लागले नाही. चढणाऱ्या मुलाचा आजा त्याच आखाड्यात लोळलेला होता.

या वेगळे निघण्यात काही गमावलेही आहे, ते झाकू नये. जुने वस्ताद म्हणतील, ही मुले खांबावर सुंदर दिसतात, पण त्यांना मातीत उतरवा! त्यात तथ्य आहे. आजचा मल्लखांबपटू पकड शिकतो, पण कोणास धरण्यासाठी नव्हे. ‘मान’ आणि ‘बोंड’ हे शब्द तो उच्चारतो, परंतु ती कोणाची मान हे त्याला आठवत नाही. खांबाच्या रूपाने उभा असलेला तो अदृश्य पैलवान दिवसेंदिवस पुसट होत चालला आहे. रग्बीतून अमेरिकन फुटबॉलात गेलेला गडी निदान समोरच्या माणसाशी भिडतो. आमच्या मल्लाला भिडावयास माणूसच उरला नाही. गुणपत्रकावर याची नोंद होत नाही, व व्हावी असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या व्यायामशाळांत खांब आणि कुस्तीची माती अजून एकाच आवारात आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा तरी खांबावरच्या मुलांना मातीत आणि मातीतल्या मुलांना खांबावर पाठवावे, एवढी सूचना करावीशी वाटते.

नागपंचमीस महाकाळाच्या देवळाच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच उघडते आणि दर्शनास लोटणारी गर्दी रात्रभर हटत नाही. तोच दिवस उत्तरेकडील आखाड्यांत मल्लांचा सण म्हणून पाळतात. माती उकरून तिची पूजा करतात, मारुतीला शेंदूर लावतात. मल्लखांबाचा विद्यार्थी तर रोजच चढण्यापूर्वी दोन्ही हात खांबाला लावून कपाळी नेतो. कुस्तीतली सलामी आहे ती. समोर फक्त लाकूड असते.