कुडा

कुडा (पांढरा कुडा, संस्कृतात कुटज, वत्सक) : करवीर कुलातील लहान पानझडी वृक्ष. शास्त्रीय नाव होलॅऱ्हेना प्यूबेसेन्स. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या उतारांवरील रानात तो मुबलक आढळतो. आव, मुरडा व जुनाट अतिसार यांवर त्याची साल आणि ‘इंद्रजव’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कडू बिया वापरतात.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकावर स्वतंत्र अध्याय आहे. कुटजारिष्ट, कुटजावलेह व कुटजघनवटी ही सालीपासूनची औषधे आजही प्रचारात आहेत. घरगुती रीत साधी: कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर ताकात उगाळायचे आणि ते चाटण घ्यायचे. बाळगुटीतही मुरुडशेंगेबरोबर त्याचे वेढे देतात.

सालीतील मुख्य अल्कलॉइड कोनेसीन. आमांशाच्या अमीबावर ते परिणामकारक आढळले. पण शुद्ध स्वरूपात दिल्यावर झोप उडणे, चक्कर, हातापायांना कंप असे त्रास दिसले. म्हणून अंदाजाने मात्रा वाढवणे धोक्याचे आहे. कँडिडाची गोष्ट वेगळी: ही यीस्ट निरोगी माणसाच्या आतड्यातही असते. प्रतिजैविकांनंतर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर ती माजू शकते, पण त्यावर कुडा हा सिद्ध उपाय नव्हे. पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर कुडा घेणे हा या गुणी झाडावर अन्यायच आहे. शौचावाटे रक्त, ताप किंवा वजन घटणे दिसल्यास आधी तपासणी हवी. जुलाब होणाऱ्या लहान मुलाला सर्वप्रथम जलसंजीवनी.

खरी अडचण ओळखीची आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची (राइटिया टिंक्टोरिया) साल मिसळली जाते. दोघांनाही चीक असतो, फुले पांढरी, शेंगा जोडीच्या. फूल हाती घेऊन पाहावे: काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालर असते, पांढऱ्याच्या नसते. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. बी चाखली तर पांढऱ्याची कडू लागते. काळ्याची बी बाजारात ‘गोडा इंद्रजव’ ठरते. साल काढताना खोडाभोवती पूर्ण वलय सोलले तर झाड मरते, म्हणून एका बाजूने उभी पट्टीच काढावी. कोकणात कुड्याची फुले उकडून, कडू पाणी पिळून टाकून भाजी करतात.