फ्रान्सिस (नाव)

फ्रान्सिस हे युरोपातील बहुतेक भाषांत आढळणारे पुरुषाचे नाव आहे. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिन भाषेतील 'फ्रान्सिस्कुस' या शब्दात आहे. महाराष्ट्रात व गोव्यात हे नाव मुख्यतः ख्रिस्ती समाजात प्रचलित आहे. फ्रान्सिस्का, फ्रान्सेस व फ्रान्स्वाझ ही त्याची स्त्रीलिंगी रूपे होत.

व्युत्पत्ती

'फ्रान्सिस्कुस' या शब्दाचा अर्थ 'फ्रँक लोकांपैकी' असा होतो. फ्रँक हा जर्मानिक लोकसमूह होता. फ्रान्स या देशाचे नावही त्याच्यावरूनच पडले. अरबी व फारसी भाषांत सर्व पश्चिम युरोपीय लोकांना फ्रँकांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. फारसीतील 'फरंग' या रूपावरून मराठीत 'फिरंगी' हा शब्द आला. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज मुलखाला 'फिरंगाण' म्हणत. अशा रीतीने 'फ्रान्सिस' हे विशेषनाम आणि 'फिरंगी' हा परकेपणा दर्शवणारा शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत.

प्रसार

इटलीतील असिसी येथील कापडव्यापारी पिएत्रो दि बेर्नार्दोने याच्या मुलाचा बाप्तिस्मा जोव्हानी या नावाने झाला होता. पित्याने त्याला फ्रान्चेस्को म्हणण्यास सुरुवात केली. हाच मुलगा पुढे संत फ्रान्सिस म्हणून प्रसिद्ध झाला. १२२६ मध्ये त्यांचे निधन झाले व १२२८ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्यानंतर हे नाव युरोपभर पसरले. २०१३ मध्ये निवडून आलेले पोप फ्रान्सिस हे नाव धारण करणारे पहिले पोप होते.

युरोपीय भाषांतील रूपे

* इटालियन : फ्रान्चेस्को, संक्षिप्त रूप फ्रांको
* स्पॅनिश : फ्रान्सिस्को, लाडकी रूपे पाको, पांचो
* पोर्तुगीज : फ्रान्सिस्को, लाडके रूप चिको
* फ्रेंच : फ्रान्स्वा
* जर्मन : फ्रान्झ
* डच : फ्रान्स
* पोलिश : फ्रान्चिशेक
* चेक : फ्रान्तिशेक
* हंगेरियन : फेरेंत्स
* क्रोएशियन : फ्रान्यो

एकाच व्यक्तीचे नाव भाषेनुसार बदलते. हंगेरीत जन्मलेला संगीतकार लिस्ट हा हंगेरियनमध्ये फेरेंत्स, तर जर्मनमध्ये फ्रान्झ म्हणून ओळखला जातो.

ठाणे व उत्तर कोकण

संत फ्रान्सिस यांनी स्थापलेल्या संघाचे, म्हणजेच फ्रान्सिस्कन पंथाचे, साधू पोर्तुगीजांच्या आधी दोन शतके ठाण्यात पोहोचले होते. १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस व त्यांचे साथीदार येथे मारले गेले. पुढे याच पंथाचे प्रवासी ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनमध्ये नेल्या.

व्यक्तिनाम म्हणून फ्रान्सिस या भागात रुजले ते पोर्तुगीज सत्तेच्या काळात. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. या काळात किनारपट्टीवरील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज नावे व आडनावे रूढ झाली. सह्याद्रीलगतचे शहापूर व मुरबाड हे तालुके या किनारी पट्ट्याबाहेर असल्याने तेथे नामकरणाची अशी परंपरा निर्माण झाली नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात हे तालुके व वसई एकत्र होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर वसई त्यात गेली.

सत्ता गेली तरी नावे टिकली. इंग्रजी अमदानीत 'फ्रान्सिस्को'ऐवजी 'फ्रान्सिस' हे इंग्रजी रूप प्रचारात आले. गोव्यात मात्र पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत असल्याने 'फ्रान्सिस्को' हे रूप अधिक काळ टिकले.

उल्लेखनीय व्यक्ती

* फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) : जेझुइट धर्मप्रसारक. १५४२ मध्ये गोव्यात आले. वसईलाही त्यांनी भेट दिली. त्यांचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेत आहे.
* फ्रान्सिस्को लुईस गोमीस (१८२९–१८६९) : गोमंतकीय लेखक व पोर्तुगीज संसदेचे सदस्य.
* फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) : गोव्यात जन्मलेले चित्रकार, १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य.
* फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) : वसईचे मराठी लेखक, कॅथलिक धर्मगुरू व 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद भूषवण्याची ती पहिलीच वेळ होती. व्युत्पत्तीने 'फिरंगी' शब्दाचा सहोदर असलेले हे नाव अशा प्रकारे मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षांच्या नामावलीत समाविष्ट झाले.