दार अडवणारे

२ जानेवारी २०१५ च्या सकाळी ठाकुर्लीजवळ एका लोकलचा पेंटोग्राफ तुटला आणि कल्याणकडून येणाऱ्या गाड्या खोळंबल्या. दिवा स्थानकात ताटकळलेले प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, तिकिटांची यंत्रं फुटली, पोलिसांची गाडी पेटवण्यात आली. मोटरमनला मारहाण झाल्यावर मोटरमननी गाड्या चालवायला नकार दिला आणि मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक कित्येक तास ठप्प राहिली. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे समाजकंटक कोण होते? नेमका हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या जगात गेली चाळीसहून अधिक वर्षं विचारला जातो आहे. अनेकांनी मिळून खेळायच्या संगणकीय खेळांचे सर्व्हर जे चालवतात, त्यांचं ते जग. दुसऱ्याचा डाव मोडण्यातच ज्याला मजा वाटते त्याला तिथे ‘ग्रीफर’ म्हणतात आणि त्याला कसं आवरायचं यावर तिथे अफाट डोकेफोड झालेली आहे. त्या डोकेफोडीचा इतिहास दिव्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. सामायिक जागेतला उपद्रव बहुतेक वेळा माणसं हुडकून कमी झालेला नाही. उपद्रव ज्या व्यवस्थेत फायद्याचा किंवा अटळ होतो, ती व्यवस्था बदलल्यावर तो कमी झाला आहे.

दिव्याची व्यवस्था घडत गेली ती दिव्याचा विचार न करता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा खुला झाला, जलद गाड्यांना मुंब्र्याचा वळसा टळला. पुढे पनवेलकडचा आणि वसईकडचा फाटा इथे येऊन मिळाला आणि दिवा जंक्शन झालं. कोकणात जाणाऱ्यांना हे नाव सावंतवाडी गाडीमुळे पाठ असतं. पण जंक्शन होणं आणि गाव म्हणून मोजलं जाणं यात अंतर असतं. ठाण्यात आणि डोंबिवलीत घर न परवडणारा माणूस दिव्याला येत गेला, खाडीलगत चाळी आणि बहुतांशी अनधिकृत इमारती उभ्या राहत गेल्या, तरी कल्याणहून सुटलेली जलद लोकल दिव्याच्या फलाटावरची गर्दी बघत निघून जायची. उरल्या त्या धीम्या गाड्या, आणि त्याही अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीला भरून आलेल्या.

अशा भरलेल्या गाडीच्या दारात ग्रुप उभा असतो. रोजची तीच गाडी, तोच डबा, एकमेकांना राखलेल्या जागा, सणाला डब्याची सजावट, आणि दिवा आलं की दारात पाय रोवून उभं राहणं. मुंबईकरांना ही ‘ग्रुपची दादागिरी’ नवी नाही. पण तिच्याकडे नुसतं गुंडगिरी म्हणून पाहिलं की महत्त्वाचा भाग निसटतो. दार अडवणारा स्वतःला उपद्रवी समजत नाही. आपल्या डब्याचं तो रक्षण करत असतो: दिव्याची झुंबड आत आली तर ठाण्याला उतरता येणार नाही, बायकामुलं चेंगरतील, हे त्याचं म्हणणं त्याला खरंच पटलेलं असतं. फलाटावरच्याच्या लेखी मात्र उपद्रवी तोच. कायद्याकडे या गुंत्याला उत्तर नाही. रेल्वे अधिनियम १९८९ ची कलमं माणूस शोधतात. विनाकारण साखळी ओढणाऱ्याला कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद, टपावरून किंवा पायरीवरून प्रवास करणाऱ्याला कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत, गाडी अडवणाऱ्याला कलम १७४ खाली दोन वर्षांपर्यंत. पायरीवर लटकणारा गुन्हेगार ठरतो. त्याला आत शिरू न देणाऱ्याला पकडणं त्याहून कितीतरी अवघड असतं.

आता सर्व्हरकडे वळू. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी नुसत्या शब्दांवर चालणारं एक खेळजग उभारलं. अनेकांनी एकाच वेळी शिरावं असं ते पहिल्या काही जगांपैकी एक. पुढे बार्टलने खेळाडूंचे प्रकार मांडले, तेव्हा इतरांना छळण्यात रमणाऱ्यांचा त्याने वेगळा गट केला. म्हणजे हा प्राणी अगदी आरंभापासून घरातच होता. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या तशाच शब्दजगात ‘मिस्टर बंगल’ नावाच्या एका पात्राने इतरांची पात्रं जणू आपल्या हातची बाहुली असल्यासारखी नाचवली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराची वर्णनं सर्वांसमोर उमटवली. पत्रकार ज्युलियन डिबेलने ही हकीकत लिहिली म्हणून ती जगाला माहीत झाली. रहिवाशांनी तावातावाने चर्चा केली, निर्णय काही झाला नाही. अखेर सर्व्हरचे अधिकार असलेल्या एकाने आपल्या जबाबदारीवर ते पात्र पुसून टाकलं. थोड्याच काळात तोच माणूस दुसऱ्या नावाने हजर झाला. हद्दपारीचा एवढा चोख पराभव क्वचितच नोंदला गेला असेल. त्या जगाचा कर्ता पाव्हेल कर्टिस याने मग अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू केली, आणि ती बरीच भांडखोर ठरली तरी गाऱ्हाणं मांडायला एक दार तयार झालं. या मुद्द्याकडे परत यावं लागेल.

सगळ्यांत बोलका दाखला मात्र ‘अल्टिमा ऑनलाइन’चा. १९९७ मध्ये खुल्या झालेल्या या खेळात गावाबाहेर पाऊल टाकणारा नवखा खेळाडू हमखास मारला जायचा आणि लुटला जायचा. खेळ चालवणाऱ्या टेक्सासच्या कंपनीने आधी पहारेकरी ठेवले, मग खुन्यांची नावं लाल रंगात दाखवायला सुरुवात केली, मग बदनामीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. प्रत्येक उपाय निष्णात उपद्रव्यांनी आपल्या कामाला लावला. नवख्याला चिडवून, फसवून त्याच्याच हातून आगळीक घडवायची आणि नियमाप्रमाणे पहारेकऱ्यांकडून त्याला मारवायचं, हा तिथला एक आवडता डाव होता. रक्षणाचं साधन आत स्थिरावलेल्यांच्या हाती गेलं की ते नवख्यावरच चालतं; डोंबिवलीच्या ग्रुपला हे सांगायला टेक्सासच्या कंपनीची गरज नव्हती. २००० साली कंपनीने शोधमोहीम बाजूला ठेवली आणि जगाची दुसरी प्रत काढली. ‘फेलुका’ या जुन्या जगात मारामारी चालू राहिली, ‘ट्रॅमेल’ या नव्या जगात संमतीशिवाय कोणावर हात उचलताच येईना. खेळाडूंचा मोठा ओघ ट्रॅमेलकडे वळला. दुष्ट माणसं सुधारली नव्हती. राक्षसांना आमिष दाखवून दुसऱ्याच्या अंगावर सोडण्यासारखे प्रकार ट्रॅमेलमध्येही चालले, पण उपद्रवाची मिळकत घटली होती.

दिव्यातही असंच काहीसं झालं. २०१५ च्या दंग्यातल्या आरोपींवर खटले भरले गेले, ते भरायलाच हवेत. पण दिव्याच्या प्रवाशाचा दिवस बदलला तो डिसेंबर २०१६ मध्ये, जलद लोकल इथे थांबू लागल्या तेव्हा. इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे: दंगा केल्यावर थांबा मिळाला, तर दंगाच शिकवला गेला नाही का? २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला प्रवाशांनी वातानुकूलित लोकल अडवल्या, कारण साध्या गाड्यांच्या जागी त्या आल्या होत्या. काही दिवसांतच मध्य रेल्वेने नव्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. पुन्हा तोच धडा. या आक्षेपातलं तथ्य मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. जलद थांब्याची मागणी दंग्याच्या कितीतरी आधीपासून प्रवासी संघटना निवेदनं देऊन मांडत होत्या. निवेदन आलं तेव्हा हललं नाही आणि दगड आला तेव्हा हललं, तर दोष हलण्याचा नसून आधी न हलण्याचा आहे. लॅम्डामूच्या अर्जपद्धतीचं महत्त्व इथेच: तिने सज्जन निर्माण केले नाहीत, पण आरडाओरडा न करताही ऐकलं जाण्याची एक वाट ठेवली.

दुसरा आक्षेप तुलनेवरच आहे. ग्रीफर मौजेखातर त्रास देतो. दिव्याचा प्रवासी कामावरचा खाडा चुकवायला धडपडत असतो. दोघांना एका मापात मोजणं अन्याय नाही का? एका मापात मोजलं तर नक्कीच अन्याय, आणि म्हणूनच दोघांना वेगळं करणारी यंत्रणा हवी. निखळ दुष्टपणावर सर्व्हरवाल्यांनी उत्तरं शोधली आहेत. ‘माइनक्राफ्ट’मध्ये कोणीतरी महिनोन्महिने रचलेला वाडा पाच मिनिटांत जाळणारे असतात. तिथे वर्ल्डगार्डसारखं प्लगइन ठरावीक जागेत परक्याला वीटही हलवू देत नाही, आणि कोअरप्रोटेक्ट कोणी, कधी, काय तोडलं याची नोंद ठेवून सगळं पूर्ववत करून देतं. मोडलेलं परत जुळतं म्हटल्यावर मोडणाऱ्याची मजा जाते. रेल्वेला ही सोय नाही; जळलेली गाडी आणि मोडलेलं हाड मागे फिरवता येत नाही, त्यामुळे हिंसेसाठी फौजदारी कायदा लागणारच. पण माइनक्राफ्टवाल्यांचा आणखी एक उपाय आहे, निवडक नावांची यादी करून बाकीच्यांना दार बंद. मित्रमंडळींच्या छोट्या सर्व्हरला तो शोभतो. सर्वांनी तिकीट काढलेल्या गाडीत तोच उपाय म्हणजे ग्रुपची दादागिरी. लोकल कोणाच्या खासगी मालकीची असती, तर दार अडवणाऱ्यांचं म्हणणं कदाचित खरंही ठरलं असतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे–दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका खुली झाली. तरीही ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचा निर्णय त्यानंतर जाहीर झाला. लटकणं त्याने थांबेल. दार बंद होताना दिव्याच्या फलाटावरचा प्रवासी आत असेल की बाहेर, हे मात्र दाराच्या यंत्रावर नाही, गाड्यांच्या संख्येवर ठरेल, आणि म्हणून दिव्याहूनच लोकल सोडावी ही इथल्या प्रवाशांची जुनी मागणी मला दाराच्या निर्णयाहून मोलाची वाटते. रिकामी गाडी फलाटाला लागली तर अडवायला दारात कोणी आधीपासून उभाच नसतो. ट्रॅमेल उभं करायला त्या कंपनीला मुळात आधीच्या जगाची प्रत काढावी लागली. दिव्यात त्यासाठी गाडी वळवायला जागा लागेल, नवे डबे लागतील, आणि आधीच दाटलेल्या वेळापत्रकात कल्याण–डोंबिवलीच्या कोणाची तरी एखादी फेरी कमी करावी लागेल. तेव्हा रुळांवर कोण उतरेल, याचा हिशेब रेल्वेने आधीच केलेला बरा.